सासूबाई स्वतःच्या दुखवट्याला बसल्या

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेली माणसं सोडवायचा आणि स्वतः दारूच्या दुकानापुढे अडकायचा. मग कामावर फोन करणं बायकोकडे. ती शिवणकाम करायची. फाटकं बेमालूम रफू करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ताप, जुलाब, पाठदुखी, सगळी कारणं वापरून झाली होती. या सोमवारी तिने फोनवर सासूबाईंना मारलं.

ती काही वाईट बाई नव्हती. श्रद्धाळू होती, एवढंच. नोकरी टिकली की नवरा सुधारेल, अशी तिची श्रद्धा. तो तिच्या शिलाई मशीनवर हात ठेवून शपथा घ्यायचा. मशीन अजून धड होतं, हाच काय तो चमत्कार.

दुपारी दार वाजलं. सासूबाईंनीच उघडलं. बाहेर नवऱ्याचे सुपरवायझर, हातात पांढरी फुलं.

"आई गेल्याचं कळलं," ते म्हणाले. "आपण?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेचा चेहरा पाहून त्या काय ते समजल्या. पोराच्या नोकरीसाठी त्या कितीही वेळा मेल्या असत्या.

"मी धाकटी बहीण." त्यांनी डोळे पुसले. "सोन्यासारखी होती हो आमची ताई. सुनेनं मात्र सुख दिलं नाही."

मेल्यावरही टोमणा चुकला नाही.

"आणि तो?"

"आत आहे. दुःखानं कोसळलाय."

आतून दुःख घोरत होतं. त्याला वासही येत होता.

"उद्या हॉस्पिटलची लिफ्ट बघायचीय," सुपरवायझर म्हणाले. "त्याच्यासारखं कुणाला जमत नाही. आला तर बरं होईल."

"येईल की," सासूबाई म्हणाल्या.

सुनेला डोळ्यांपुढे त्या लिफ्टमधले पेशंट दिसले. तिने सुई खाली ठेवली.

"नाही येणार. पिऊन पडलाय. आणि या मावशी नाहीत, सासूबाईच आहेत. ठणठणीत."

सुपरवायझरना फुलांचं काय करावं कळेना. शेवटी ती टेबलावर ठेवून ते म्हणाले, "आधी उपचार घेऊ दे. डॉक्टर हो म्हणाले तर बघू. तोवर कामावर यायचं नाही."

ते गेले.

"पोराच्या पोटावर पाय दिलास."

"हो."

सासूबाई खुर्चीत बसल्या. फुलं जवळ ओढून म्हणाल्या, "मी कशानं गेले म्हणून सांगितलंस?"

"झोपेत. काही त्रास न होता."

"तेवढं तरी बरं बोललीस."

मग त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि मुलाच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"ऊठ. नोकरी अडकलीय. चपला घाल, डॉक्टरकडे जायचंय."