सिस्टरनी ओळखलं होतं

सुमनसिस्टर पेशंटला प्रश्न विचारण्याआधी नवऱ्याला खोलीबाहेर काढायच्या. माझी बायको सुगंधा मनाच्या आजारानं इस्पितळात होती. पहिल्याच सकाळी त्यांनी तिला विचारलं, जीव नकोसा झालाय का? उत्तर मी दिलं. म्हटलं, असलं काही तिच्या मनात येत नाही. "काका, दुखणं तुमचं आहे का? नाही ना? मग बाहेर बसा." मला राग आला. चाळीस वर्षं संसार केला, आणि तिचं मन मला कळणार नाही?

सिस्टर माणगावकडच्या, शेतकऱ्याघरच्या. गोड बोलणं ठाऊक नाही. नातेवाईक रडायला लागला की म्हणायच्या, "झालं की पाणी भरून आणा." पण सुगंधा जेवेना तेव्हा तिच्या ताटातला पहिला घास स्वतः खायच्या. "बघ बाय, चव नाही, पण गिळता येतो."

तीन आठवड्यांनी सुगंधा एकदम हसू-बोलू लागली. सून भेटायला आली तेव्हा सिस्टर शेजारच्याच खाटेशी होत्या; सुगंधा सुनेला म्हणाली, "मडक्यातलं वालाचं बी सगळं वाडीत वाटून टाक. हाय ते लोकांच्या मुखात पडू दे." मी खूश. भातकापणी तोंडावर, घरात हात हवेच होते. नेतो म्हटलं.

सिस्टरनी मला जिन्यात गाठलं.

"काका, शेतकरी ना तुम्ही? पेरणीआधी सगळं बी कोण वाटतं? तिला पुढचा हंगाम बघायचा नाही. रडत होती तेव्हा मला एवढी भीती नव्हती."

मी म्हटलं, बरी झालेली बाई तुम्हाला बघवत नाही. डॉक्टरही थांबा म्हणत होते. मी जबाबदारी माझी अशी सही केली आणि तिला घेऊन आलो.

तिसऱ्या दिवशी सुगंधानं जीव दिला. मी शेतावर होतो.

दिवसकार्य उरकून मी वॉर्डात गेलो. सिस्टर गोळ्या वाटत होत्या. मी सांगितलं तशा हातातला डबा ठेवून खाटेवर बसल्या. मग म्हणाल्या,

"मी दारात आडवं पडायला हवं होतं. कागद पुढे केला, सही घेतली. तुमची चूक नव्हती, हे ऐकायला आलात ना? ते मी सांगणार नाही. आणि तुम्हीही मला सांगू नका."