शालनच्या बाटल्या

शालनचा दिवस पहाटे साडेचारला नळावर सुरू व्हायचा. कानडी मुलखातल्या यशवंतपूरच्या तिच्या गल्लीला नळ एकच. नजर हलली की मागची बाई आपली घागर पुढं सरकवायची, म्हणून शालन घागरीला पाय लावूनच उभी राहायची. आठला ती प्रयोगशाळेच्या मोरीशी असे. तिथं पाण्याला तोटा नव्हता. एकेक बाटली साबणानं घासायची, नळाखाली खळबळायची, मग शुद्ध पाण्यातून पुन्हा पुन्हा काढायची. काम महिन्याच्या करारावर होतं. नवरा बसवंत बाजारात पोती उचलायचा. दारात नळ घ्यायचा तर तो शालनच्याच पगारातून येणार होता.

१९९८ च्या थंडीत मुग्धा प्रयोगशाळेत वाढवत होती त्या पेशी मरू लागल्या. मुग्धा पुण्याहून संशोधनाला आलेली. निपाणीकडच्या शालनशी मराठीत बोलणारी तिथं ती एकटीच. तिनं पूर्वी सांगितलं होतं, "शालनताई, मी ज्याच्यावर काम करते ते प्रोटीन अगदी लहान असतं. माणसाच्या एका जीनमधून तयार होतं. मोठ्या प्रोटीनला जाऊन चिकटतं, की त्या मोठ्याची जागा बदलते, काम बदलतं."

"गेटवरच्या बिल्ल्यागत म्हणा की. माणूस तोच, पण बिल्ला असला की आत सोडतात."

"करेक्ट! तो बिल्ला लागलेला मला दाखवायचाय."

दाखवायला पेशी जगायला हव्यात. त्या शालननं धुतलेल्या बाटल्यांत वाढायच्या. मुग्धानं बाटल्या सोडून बाकी सगळं बदलून पाहिलं, तरी पेशी काचेवरून सुटून तरंगायच्या. तो जीन घातलेल्या पेशींची आता गोठवून ठेवलेली एकच कुपी उरली होती.

"शालनक्का, घासता की नुसत्या बुडवता?" हयवदन कानडीत म्हणाला. प्रयोगशाळेचं सामान आणि कामाची माणसं, दोन्ही त्याच्याच ताब्यात. "सोमवारी दुसरी बाई बघतो."

"आधी मला बघू द्या," मुग्धा म्हणाली आणि मोरीशी येऊन उभी राहिली.

शालननं रोजच्यासारखंच धुतलं. ब्रश तळापर्यंत फिरवला, एक पाणी चुकवलं नाही. मुग्धा शेवटपर्यंत हलली नाही.

"तुमच्या धुण्यात खोट नाही. हयवदनना मी सांगते." ती बाटल्यांच्या कपाटाकडं वळली. "आता ती शेवटची कुपी काढते. जे होईल ते होईल."

शालनचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिचा हात सवयीनं कमरेच्या डबीकडं गेला आणि तिथंच थबकला. डबीत करंजाचं तेल होतं. थंडीत तिची बोटं फुटायची. रक्त बाटलीला लागू नये म्हणून शेवटच्या पाण्याआधी ती बोटांना तेल चोळायची. रबरी हातमोजे होते, पण पुरुषी मापाचे; त्यातून बाटली निसटे. आज मुग्धासमोर कमरेची डबी काढायला लाज वाटली, म्हणून चोळलं नव्हतं.

कपाट मात्र तेलाच्या हातानं भरलेलं. तेलकट काचेला पेशी धरणार कशा?

मुग्धानं त्यातली बाटली उचलली. गप्प बसलं तर नोकरी राहत होती.

"ठेवा ती," शालन म्हणाली. "मॅडम, त्यात कुपी ओतू नका." आणि डबी पुढं केली.

मुग्धानं वास घेतला. तिचा चेहरा उतरला.

"बाटल्यांना मालिश चालली होती काय अक्का?" दाराशी आलेला हयवदन ओरडला.

"रक्त लागू नये म्हणून लावत होते. अख्खं कपाट परत धुते. मग घालवायचं तर घालवा."

मुग्धानं आपले लहान मोजे काढून दिले. शालननं कपाट रिकामं केलं आणि पुन्हा भरलं. मोज्यांच्या आत बोटं चरचरत होती.

त्या बाटल्यांत मुग्धानं कुपी ओतली. शालन रोज दारातून बघायची, विचारायची हिंमत होत नव्हती. सोमवार आला. दुसरी बाई आली नव्हती. मुग्धानं तिला सूक्ष्मदर्शकाशी ओढलं. पेशी काचेला घट्ट धरून पसरल्या होत्या.

पुढं त्या पेशींमधली प्रोटीनं दाखवणाऱ्या एका फिल्मवर जाड काळ्या रेघेच्या वर एक बारीक रेघ उमटली. "ही खालची साधी," मुग्धा म्हणाली. "वरची, बिल्ला लावलेली."

हयवदननं फिल्म पाहिली, शालनचे हात पाहिले. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच तो कानडीत म्हणाला. आठवड्यात बायकांच्या मापाचे मोजे आले.

करार महिन्यामागून महिना वाढत गेला. पुढच्या वर्षी शालनच्या पगारातून दारात नळ आला. तिनं पहिली घागर लावली. पाय लावून उभं राहायची गरज नव्हती. पाणी मात्र तिथंही पहाटे साडेचारलाच यायचं.