पन्नासरावांचं रिकामं टर्बाइन

कंट्रोल रूममध्ये त्यांना सगळे पन्नासराव म्हणत. वयाचा संबंध नाही. ते केव्हाच साठीकडे झुकले होते. विजेचा ठोका सेकंदाला पन्नास राहावा म्हणून भिंतीवरच्या काट्याकडे बघण्यात त्यांची सारी हयात गेली. "माझ्याकडे इतकं बघितलं असतं तर!" असं बायको म्हणे. तिचा चेहरा तसा काट्याइतका ढळत नसे.

शहराची वीज आता उन्हावाऱ्याची, इन्व्हर्टरमधून येणारी. जुने इन्व्हर्टर दुसऱ्याच्या ठोक्यावर पाऊल टाकत. ठोका देणारं कोणी नसलं की गप्प. नव्यांच्या पाठीशी बॅटऱ्या असतात आणि ठोका ते स्वतःच धरतात. हे नवे बसवणारी इंजिनिअर पन्नासरावांची भाची. महिनाभर बॅटऱ्यांच्या आवारात राबून आज ती वरिष्ठांना सांगणार होती, की वाफेवरच्या जुन्या टर्बाइनशिवाय शहर चालतं. त्याआधी ती कंट्रोल रूममध्ये डोकावली.

"मामा, तीन नंबरचं टर्बाइन का फिरतंय?"

"फिरतंय बापडं रिकामं, नुसतं तारांना जोडलेलं. कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"कधीपासून?"

"तुझी चाचणी सुरू झाली तेव्हापासून."

भाचीनं कपाळाला हात लावला. म्हणजे तिच्या इन्व्हर्टरांनी परीक्षा दिली, ती मामा शेजारी बसून उत्तरं सांगत असताना.

"अगं, अवजड चाक आहे. धक्का बसला तर सावरून धरतं. अंधार झाला तर लोक तुलाच नावं ठेवतील."

"आणि तुम्ही रिटायर झाल्यावर? मामी फिरवणार?"

मामींना विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पन्नासराव काट्याकडे बघू लागले.

भाचीनं चाचणी पुन्हा घ्यायची ठरवून दवाखान्यांना कळवलं, आणि पाणीपुरवठ्याचे मोठे पंप सुरू होऊन विजेला धक्का बसायची वेळ धरली. बटण मात्र स्वतः दाबलं नाही. "तुम्हीच सोडा."

पन्नासरावांनी स्वच्छ असलेला चष्मा पुसला आणि तीन नंबर शहराच्या तारांपासून वेगळं केलं.

पंप सुरू झाले. काटा घसरला. त्यांचा हात टर्बाइन परत जोडायच्या बटणाकडे गेला. भाचीनं तो धरला नाही.

"थांबा ना, मामा."

हात काय करायचं ते ठरवेपर्यंत काटा पन्नासवर येऊन उभाही राहिला होता.

"लवकर सावरला," ते जरा तक्रारीच्या सुरात म्हणाले.

मग ते यंत्रघरात गेले. वाफ बंद होती, तरी चाक आपल्याच वजनानं फिरत होतं. वरिष्ठांना फोन करायचा सोडून भाची शेजारी येऊन उभी राहिली.

"थांबायला किती वेळ लागेल?"

"बराच. तू जा, तुझं काम आहे."

"असू दे," ती म्हणाली, आणि रेलिंगला टेकली.