दाढीच्या फेसाने सापडलेली गळती

दुष्काळातल्या एका उन्हाळ्यात आमच्या दूध संस्थेची जुनी, टर्बो इंजिनाची जीप चौसाळ्याच्या अलीकडे चढावर थांबली. मागच्या ट्रॉलीत चाऱ्यासाठी उसाचे वाढे होते आणि चारा छावणीतली गुरं सकाळपासून उपाशी होती. परवा सलूनमध्ये दाढीच्या साबणाचा वास आला आणि ती दुपार आठवली.

जीप माझे वडील चालवत; त्या दिवशी मीही शेजारी बसलो होतो. इंजिन सुरू होतं, पण ओढ नव्हती. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बोच गेला, असं ट्रॉलीवरचे सगळे म्हणाले. वडिलांनी टर्बोची हवा इंजिनाकडे नेणारा रबरी पाइप काढला, एका तोंडात बूच ठोकलं आणि दुसऱ्यातून पायपंपाने हवा भरली. गळती शोधायला साबणाचं पाणी हवं होतं. जवळ पेलाभरच पाणी होतं. फेऱ्यांमुळे घरी जाणं होत नसे, म्हणून दाढीचं सामान गाडीतच असे. त्यांनी ब्रशने दाट फेस केला आणि पाइपावर फिरवला.

"इंजनाची दाढी करायलास का बे?" ट्रॉलीवर बसलेले सोपानकाका म्हणाले.

"लई वाढली हाय, काका," वडील म्हणाले.

पाइपाच्या वळणाखाली फेसाला बुडबुडे आले. चीर तिथेच होती. वडिलांनी तिच्यावर जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली, पाइप परत बसवला आणि जीपने चढाला ओढ धरली. इंजिनाच्या त्या दाढीला तेव्हा मीही हसलो होतो. आज ही हकीकत कुणालाही सांगताना ते माझे वडील होते, हे मी आधी अभिमानाने सांगतो.

अंधार पडायच्या आत वाढे गुरांपुढे पडले.