अनुभवाचा रकाना

सरांनी माझं पुस्तक दोन बोटांनी उचललं. लिनक्सचं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमचं. अगदी नवशिक्यांसाठीचं. लॅबमधल्या पोरांना दाखवलं.

"बघा, आमच्या बाई आता सर्व्हर चालवणार."

पोरं हसली. मग सर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "कोट्यातून नोकरी मिळाली ना? तेवढ्यात समाधान माना. की-बोर्ड पुसा."

मी पुसले. सगळे.

इंजिनिअरिंग कॉलेजात मी लॅब अटेंडंट. बी.ए. झालेली. कुलूप उघडायचं, धूळ झटकायची, विभागप्रमुखांना, म्हणजे ह्याच सरांना, पाणी नेऊन द्यायचं.

दुष्काळाची वर्षं ती. बायपासकडं नव्या इमारती उठत होत्या अन् आमच्या वस्तीत आठ दिवसांनी टँकर. हंडे रांगेत लावायचे, तिथंच पुस्तक उघडायचं. इंग्रजी अडायचं. एकेका पानाला दोन-दोन दिवस. माय विचारायची, "काय गं वाचतीस एवढं?"

"मशीनचं हाय, माय."

"तुझंय व्हय ते मशीन?"

"नाय."

ती रांगेत पुढं हंडा सरकवायची.

लॅबच्या कोपऱ्यात भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर होता. पुस्तकामागच्या सीडीवरून त्याच्यात लिनक्स टाकलं. तीनदा फसलं. चौथ्यांदा चाललं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून एकेक कमांड टाकून बघायची. चुकलं तर मशीन चूक सांगायचं. तेवढंच सांगायचं, वर टोमणा नाही. मला त्याची सवय नव्हती.

परीक्षेचे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी कॉलेजचा सर्व्हर, सगळे फॉर्म ज्याच्यावर चालायचे तो मुख्य कॉम्प्युटर, बंद पडला. पोरं बाहेर उन्हात. सर मशीन बंद-चालू करत होते, पुन्हा पुन्हा. पडद्यावर सरळ लिहून येत होतं, डिस्कवर जागा नाही.

"सर, जुन्या लॉग फायलींनी डिस्क भरली असंल."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

तेवढ्यात निरोप आला, प्राचार्य येताहेत. सर खुर्चीतून उठले. "बघा बरं."

पासवर्ड मात्र त्यांनीच टाकला. की-बोर्डवर तळहात आडवा धरून. जशी काय मी चोरच. कोणता फोल्डर फुगलाय ते मी शोधलं, मशीननं ठेवलेल्या रोजच्या नोंदींच्या जुन्या फायली काढल्या. सर्व्हर चालू झाला.

प्राचार्य दारात. सर म्हणाले, "झालं सर. सापडलं मला." मग माझ्याकडं वळून, "बाई, चहा सांगा."

मी लई थकले होते. पहाटेपासून उभी, आधी टँकरसाठी, मग इथं. भांडायचं त्राण नव्हतं. पण पाय हलले नाहीत.

"मला सापडलंय ते. कोणत्या फायली काढल्या, आधी ह्यांना विचारा. मग मला विचारा. अन् चहा मी सांगणार नाय."

कुणी काही विचारलं नाही. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं अन् गेले. पुढच्या सोमवारी माझी बदली स्टोअर रूममध्ये. तिथं कॉम्प्युटर नाही. मी औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दुसरं पुस्तक आणलं, पहिल्याच्या पुढचं. कमांड आता वहीवरच लिहिते.

आता कॉलेजातच सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याची, जागा निघालीय. अर्ज भरलाय. अनुभवाच्या रकान्यात त्या दिवशीचं काम लिहिलंय, फोल्डरच्या नावासकट. खाली विभागप्रमुखांची, म्हणजे सरांचीच, सही लागते.

उद्या जाणार. नाही म्हणाले तर म्हणणार, कारण लेखी द्या. लेखी दिलं नाही तर परवा पुन्हा जाणार. सही नाहीतर कारण. दोन्हीतलं एक कागदावर घेतल्याशिवाय मी त्यांच्या दारी जायचं सोडणार नाही.