माझी नणंद आणि दहा पायऱ्यांची शिडी

माझ्या नणंदेला पगार मिळतो तो लोकांना ‘तुम्ही किती सुखी आहात’ हे विचारण्याचा. हसू नका. मी हसले होते, तर बाईसाहेब आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिचं नाव इंदुमती, घरात इंदू. माझ्या नवऱ्याची, दिवाकररावांची, धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती आमच्याकडे जुन्या इंदूरला आली. तेव्हापासून वरच्या खोलीत राहते, म्हणजे माझा बहुतेक संसार तिच्या देखरेखीखाली झालाय. वरणाला फोडणी कशी द्यायची इथपासून पडदे कधी धुवायचे इथपर्यंत आमची जुंपते. विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात ना, तसं आमचं. मोहल्ल्यात कोणालाही विचारा.

आधी ती शाळेत भूगोल शिकवायची. शाळा बंद पडली, मग ती एका सर्वे करणाऱ्या कंपनीत लागली. काम काय, तर घरोघरी जायचं आणि माणसाला एक कार्ड दाखवायचं. कार्डावर शिडीचं चित्र, दहा पायऱ्यांची. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला मिळू शकेल ते उत्तम आयुष्य, सगळ्यात खालची म्हणजे वाईटात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात, आणि पाच वर्षांनी कितव्या पायरीवर असाल? हाच प्रश्न नेपाळमध्ये विचारतात, ब्राझीलमध्ये विचारतात, फिनलंडमध्ये विचारतात. मग सगळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी मांडायची आणि कुठल्या देशातली माणसं किती बरी जगतायत ते बघायचं.

दिवाकरराव बिजली बोर्डात हिशेबाचं काम करायचे, त्यामुळे त्यांना हे सगळं फालतू वाटतं. “देशाची प्रगती बघायची तर दरडोई उत्पन्न बघ,” ते एकदा जेवताना म्हणाले. “पायऱ्या काय मोजतेस?”

“दादा, दरडोई म्हणजे काय? समोरच्या शेटजींची कमाई आणि तुझी पेन्शन एकत्र करायची आणि कागदावर निम्मी निम्मी वाटायची. तुझ्या हातात काय आलं त्यातलं?”

दिवाकररावांनी भात कालवायला घेतला. इंदू एकदा सुरू झाली की भूगोलाचा तास संपेपर्यंत थांबत नाही. “उत्पन्न मोजा, नको कोण म्हणतंय? माणसं किती वर्षं जगतात ते मोजा, पोरं किती शिकतात ते मोजा. पण माणसाला आतून कसं वाटतं ते त्या माणसालाच विचारावं लागतं. ते दुसऱ्या कोणी सांगून चालत नाही.”

आता इंदूरच्या लोकांना हे विचारणं म्हणजे काय चक्कर आहे, ते तिलाच माहीत. नमकीनवाला म्हणतो (इथे बाईलासुद्धा भियाच म्हणतात), “भिया, दस में से ग्यारह लिख दो, अपन तो मजे में हैं.” जवळच्या देपालपूरच्या मंडीत गेली तर एका आडत्यानं तिलाच उलटं विचारलं की पाच वर्षांनी लसणाचा भाव कितव्या पायरीवर असेल ते आधी सांगा. उत्तर देताना माणूस एकटा पाहिजे असा नियम आहे, आणि आपल्याकडे एकटा माणूस शोधून सापडत नाही. नवऱ्यानं सात म्हटलं की आतून बायको म्हणते, “सात? स्वयंपाकघरात येऊन बघा एकदा.” शिवाय विचारताना कोणाच्या घरचं खायचं नाही असाही नियम. इथे तर पोहे खाल्ल्याशिवाय लोक स्वतःचं नाव सांगत नाहीत. शेवटी इंदूनं सगळ्यांना ठणकावलं की आधी प्रश्न, मग पोहे.

आणि आपल्या मराठी बायका! घरात सोन्यासारखी पोरं, नवरा पगार हातात आणून ठेवणारा, तरी विचारलं की म्हणणार, “पाच लिही गं, मधलं काहीतरी.” का, तर दृष्ट लागते. इंदू घरी येऊन चिडायची. “सगळं जुनं इंदूर पाचव्या पायरीवर दाटीवाटीनं बसलंय. वर चढायला एक तयार नाही.” पण उत्तरात तिनं कधी काडीचाही फरक केला नाही. माणूस सांगेल तेच लिहायचं. नियमाची इतकी पक्की, की मला कधीकधी वाटतं देवानं तिला चुकून बाई केली, करायचा होता खांब.

दिवाळी झाली आणि कंपनीनं तिला भोपाळला बोलावलं. सुपरवायझर म्हणून. हाताखाली माणसं, फिरायला गाडी, राहायला जागा. पन्नाशी उलटल्यावर असं कोणाला मिळतं? पण ही बाई हो म्हणेना आणि नाहीपण म्हणेना. विचारलं की “बघते” म्हणून जिना चढून जायची.

मला वाटलं, ही आमच्यासाठी अडलीये. दादाचं बीपी, माझे गुडघे, स्पृहाचं लग्न. स्पृहा म्हणजे माझी मुलगी, तिच्यावर इंदूचा भारी जीव. खरं सांगू? ती जाणार हा विचारच मला नको व्हायचा. भांडायला कोणी नाही अशा घरात मी करू काय? पण तोंडातून एक शब्द काढला असता तर तिनं लगेच भोपाळला नाही कळवलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी थांबलेली बाई, आता माझ्यासाठी थांबायला नको. म्हणून मी मुद्दाम उलटंच बोलायचे. “जा बाई एकदाची. स्पृहाला खोली तरी मिळेल.”

सोमवारी कळवायचं होतं, आणि त्याच्या आदल्या शनिवारी तिचा साहेब अनीश तिचं काम तपासायला आला. पुण्याचा मुलगा, इथल्या ऑफिसात नवीन, फार सभ्य. त्या दिवशी आमच्याच गल्लीचा सर्वे होता. कोपऱ्यापासून ठरावीक घरं सोडत यायचं अशी त्यांची रीत, आणि मोजत मोजत दोघं येऊन उभे राहिले ते आमच्याच दारात.

“पुढचं घर घेऊया का?” अनीश म्हणाला.

“घर गाळायचं नाही, असा नियम आहे,” इंदू म्हणाली. “माझ्या घरचं मला विचारता येणार नाही, एवढंच. तुम्ही विचारा, अनीशजी.”

घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार, त्याला विचारायचं. माझा संक्रांतीच्या आसपास असतो. झालं, सापडले मी. इंदूनं भावाला वर पाठवलं, स्पृहाला बाहेर काढलं, स्वतः स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. त्या दाराला कडी नाही. तिथून समोरच्या खोलीतला शिंकेचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

अनीशनं कार्ड माझ्यापुढे धरलं. “काकू, आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?”

“सात लिही. आठ म्हणणार होते, पण कशाला उगाच.”

त्यानं सात लिहिलं. “आणि आजपासून पाच वर्षांनी?”

मी दाराकडे बघितलं. पाच वर्षांनी स्पृहा सासरी गेलेली असणार. इंदू भोपाळला. सकाळी फोडणीत हिंग जास्त झाला हे सांगायला कोणी नाही, दुपारी कोणी नाही, दिवाकरराव आणि त्यांचा पेपर. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण दारामागे ती उभी होती. मी घसा साफ केला आणि तिला नीट ऐकू जाईल असं मोठ्यांदा म्हणाले, “नऊ. एकदम नऊ. मजेत असणार आम्ही!”

आणि कार्डावर बोट ठेवलं तीनवर. सर्वेत खोटं सांगायचं नाही, एवढं तरी इतक्या वर्षांत मला कळलंय.

आता शहाण्या माणसानं काय करावं? बोट बघावं, मुकाट्यानं लिहावं, पोहे खावेत. पण हा पुण्याचा भोळा सांब मोठ्यांदा विचारतो, “काकू, तुम्ही म्हणताय नऊ, पण बोट तर तीनवर आहे. कोणतं लिहू?”

मी डोळे वटारले. त्याला काही कळेना.

दारामागून इंदूचा आवाज आला, तिचा तो भूगोलाच्या तासाचा आवाज. “अनीशजी, बोट जिथे आहे ते लिहा.”

मग दार उघडून ती बाहेर आली. आता ही नाही म्हणणार, सगळं बिघडवलं मी, असं वाटून मला स्वतःचाच इतका राग आला की विचारू नका. ती पदराला हात पुसत अनीशला म्हणाली, “सोमवारची वाट बघायला नको. भोपाळला माझं हो कळवून टाका.”

“तीन ऐकून हो म्हणतेस?” मी भडकलेच. “नऊ म्हटलं ते तुला जाता यावं म्हणून. आणि तू तीन ऐकून चाललीस? उलट्या खोपडीची आहेस का?”

“तीन ऐकलं म्हणूनच चालले,” ती माझ्याशेजारी बसत म्हणाली. “तुला खरंच खोली हवीये असं मला वाटत होतं. एकदा गेले की परत यायला घर उरणार नाही, या भीतीनं माझा पाय निघत नव्हता गं, वहिनी.”

मी त्या परक्या पोरासमोर तिच्या गळ्यात पडून रडले. तिथूनच हाक मारून स्पृहाला सांगितलं, आत्याच्या खोलीतली एक वस्तू हलवायची नाही.