गालातली हद्द

"थांबा गा तिथंच. मशीन तुमचा श्वास मोजून राहिली."

प्रयोगशाळेच्या दारात पाऊल टाकलं की मॅडम पाठमोऱ्याच तळहात वर करायच्या. नागपुरातल्या आमच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवत, मी शेजारच्या विभागात रसायनशास्त्र. त्यांच्या मशीनच्या टेराहर्ट्झ लहरी पाण्यात अडकत, मग ते पाणी हवेतलं का असेना. पावसाळ्यात आम्ही त्या दारावरून जाताना श्वास रोखायचो. तुम्ही असतात तर तुम्हीही रोखला असता.

त्या तपासत होत्या तोंडाच्या कॅन्सरचे तुकडे, ऑपरेशननंतर रुग्णालयातून परवानगीनं मिळालेले. रोगट मांसात पाणी जास्त, निरोगी मांसात कमी. लहरींना तो फरक दिसतो. रोग नेमका कुठं संपतो ते कळलं, तर सर्जनला अंदाजानं जास्तीचा जबडा कापावा लागणार नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाचा अर्धा जबडा असाच गेला होता. वर्गात एखाद्याचा गाल फुगलेला दिसला की त्या शांतपणे म्हणत, "थुकून ये. मले तुहा गाल मोजाचा नाही."

मग त्या लहरी तयार करणारा मशीनचा लेसर गेला. दुरुस्तीची मंजुरी काही येईना. तोवर तुकडे त्यांनी फ्रीजरमध्ये जपून ठेवले.

कॉलेजला श्रेणी देणारी तपासणी समिती यायची म्हणून विभाग रंगवून झाला. त्या सकाळी मॅडमनी फ्रीजर उघडला, तर आत कोल्ड्रिंकच्या बाटल्या.

"वास येत होता, मॅडम. फेकायला सांगितलं," विभागप्रमुख म्हणाले.

फ्रीजरचं दार बराच वेळ उघडंच राहिलं.

समितीला त्यांनी जुना आलेख आजचा म्हणून दाखवावा, असं प्रमुखांनी ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "हा आलेख जुना आहे. मशीन बंद आहे. आणि नमुने कचऱ्यात गेलेत."

प्रमुख हसले. "आमच्या मॅडम फार विनोदी आहेत." समितीही हसली आणि चहाकडे वळली. आम्हाला उत्तम श्रेणी मिळाली. मॅडमनी थोड्याच दिवसांत नोकरी सोडली.

गेल्या उन्हाळ्यात लेसर बदलला गेला. ते सांगायला मी शहराच्या टोकाला, बेसा भागातल्या त्यांच्या घरी गेलो. त्या भावाला पातळ खिचडी भरवत होत्या.

"मशीन सुरू झाली, मॅडम."

"काय मोजून राहिले?"

"प्लास्टिक. पोरांच्या प्रोजेक्टसाठी. त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

त्यांनी चमचा भावाच्या ओठांशी धरला. ते माझ्याकडे पाहून काहीतरी बोलले. मला एक शब्दही कळला नाही.

"दादा म्हणून राहिला, जेवून जा."

जबडा नव्हता त्या बाजूनं खिचडी ओघळली. त्यांनी ती पदरानं पुसली आणि पुढचा चमचा अर्धाच भरला.